दोन तासांनी पुन्हा येते

रक्त काढायला आलेल्या बाईला लोक घराच्या आत घेतात. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला दारातूनच परत जातात. मला मात्र उजाडायच्या आत थेट आतल्या खोलीत नेतात, पलंगाच्या कडेला बसवतात आणि उजेड नीट पडावा म्हणून दिवा लावतात. नागपूरच्या दक्षिणेकडे बेसा, पिपळा, घोगली, वेळाहरी या पट्ट्यात एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन नमुने गोळा करणं हे माझं काम. स्कूटीच्या पुढच्या जागेत बर्फाच्या पाकिटांचा डबा, पाठीवर सुया आणि ट्यूबची बॅग, आणि मोबाईलवर त्या दिवशीच्या पेशंटची यादी. हे काम मी पोटासाठी धरलं. या वस्तीत माझा पाय टेकला तोही याच कामामुळे, आणि तो उशिरा टेकला. त्याविषयी लिहायचं आहे.

मी लोधीखेड्याची. नागपूरहून सावनेर, केळवद मागं टाकून सीमा ओलांडली की सौंसर तहसील लागते, तिथलं आमचं गाव. अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे आणि कापूस. बोरगावला कारखाने आहेत, त्यामुळे घरटी एखादा तरी शिफ्टला जाणारा. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केल्यावर सौंसरला एका छोट्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. नवऱ्याला बुटीबोरीला नोकरी लागली, रोजचं जाणं-येणं झेपेना, म्हणून आम्ही बेशाला फ्लॅट घेतला. निघताना सगळे एकच सांगायचे, "तुमाले काय तरास होते? भाषा तेच, खाणं तेच, नागपूर म्हंजे आपलंच."

नागपूर आपलंच, हे आमच्या भागात नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीत. माझ्या आजोबांच्या तरुणपणी लोधीखेडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानीही नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत आमची तहसील मध्य प्रदेशात राहिली. घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी. लग्नाचा बस्ता नागपूरहून, मोठं दुखणं निघालं तर नागपूरचा दवाखाना, आणि दाखला काढायचा तर छिंदवाडा. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि आमची तहसील त्यात गेली. माझ्या जुन्या कागदांवर अजून छिंदवाडाच आहे.

इथं आल्यावर हे कागद पहिल्यांदा बोलायला लागले. मुलाच्या शाळेत, गॅसच्या एजन्सीत, बँकेत, सगळीकडे पत्ता पाहून माणूस मान वर करायचा, "एमपीचे का तुमी?" त्यात वाईट हेतू नव्हता. पण जिथं आम्ही 'मराठी लोग' म्हणून ओळखले जात होतो तिथून निघून इथं 'एमपीवाले' झालो, हे मनाला लागायचं. गावाकडच्या मैत्रिणींच्या खात्यात 2023 पासून तिकडच्या लाडली बहना योजनेचे पैसे येत होते. 2024 ला इथल्या शेजारणींना लाडकी बहीण योजनेचे यायला लागले. मी तिथलं रेशनकार्ड सोडून आलेली, आणि इथला रहिवासी दाखला मिळण्याइतकी वर्षं माझीही झाली नव्हती, नवऱ्याचीही नाही. पैशापेक्षा, आपण कोणाच्याच यादीत नाही ही गोष्ट जास्त बोचायची.

तरी खरा त्रास कागदांचा नव्हताच. तो दुपारचा होता. आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं, दोन्ही बंद. लोधीखेड्याला दुपारी दार बंद असलं तर लोक काळजीनं कडी वाजवतात. इथं दार बंद असणं हीच रीत. मला वाटायचं, शहराची माणसं अलिप्त असतात. पुढं कळलं की आमच्या इमारतीत नागपूर शहराचं म्हणावं असं एकच कुटुंब होतं. बाकीचे काटोल, नरखेड, वरूड, पुसद, उमरेड, गोंदिया इथून आलेले. सगळे माझ्यासारखेच, आपापल्या गावी उघड्या दाराची सवय असलेले, आणि इथं येऊन दारं लावून बसलेले.

असं का होतं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. गावात माणसं एकमेकांना भेटतात ती प्रेम जास्त म्हणून नाही, गरज असते म्हणून. नळ गेला तर विहिरीवर, दळण टाकायचं तर चक्कीवर, बस कधी येते हे विचारायला फाट्यावरच्या दुकानात. विरजण संपलं तर शेजारी. नव्या वस्तीत ही प्रत्येक गरज बंद दारामागे भागते. पाणी बोअरचं, टाकीतून येतं. विरजण, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मोबाईलवर मागवल्या की दहा-पंधरा मिनिटांत दारात. कोणाला काही विचारायचं कारणच उरत नाही, आणि कारणाशिवाय दार वाजवायला कोणीही बिचकतं. मीही बिचकले.

मग हे काम मिळालं, आणि पहिली अडचण आली ती पत्त्यांची.

नागपूरच्या कडेच्या वस्त्या शेतजमिनींवर प्लॉट पाडून वाढल्या. कुठं गृहनिर्माण संस्थेनं लेआउट टाकलं, कुठं एखाद्या शेतकऱ्यानंच खसरा तोडून विकला. मंजुरी नसलेली कितीतरी लेआउटं पुढं 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतली. '572' आणि '1900' लेआउट हे आकडे जुन्या नागपूरकरांच्या तोंडी असतात ते अशाच विनामंजुरी लेआउटांचे. अशा वस्तीत रस्त्याला नाव नसतं. एकाच नावाची नगरं दोन-तीन ठिकाणी असतात. प्लॉट नंबर 41 च्या शेजारी 42 असेलच याची खात्री नाही, कारण नंबर नकाशावर पडले आणि घरं वाटेल त्या क्रमानं उठली. मोबाईलचा नकाशा रिकाम्या प्लॉटवर नेऊन सोडतो. आणि तिकडे पेशंट आदल्या रात्रीपासून उपाशी, साखरेचा त्रास असलेला, घड्याळ पाहत बसलेला.

त्यामुळे विचारावंच लागलं. पहाटे फिरायला निघालेल्या काकाजींना, दुधाच्या पाकिटांच्या टपरीवर, रात्रपाळीच्या चौकीदाराला. "नाल्याच्या पुलावरून डाव्या हाताला वळा, हनुमान मंदिर सोडा, पाण्याची टाकी दिसली की तिसरी गल्ली." असं विचारत विचारत या वस्तीचा एक नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला, आणि मी त्या चौकीदारांच्या, टपरीवाल्यांच्या ओळखीची झाले. दार वाजवायला मला आता कारण होतं, आणि ते कारण रोज नवं असायचं.

या कामात शिरलं की घर वेगळंच दिसतं. समोरच्या ब्लॉकमधल्या कोणाचा थायरॉइड वाढला आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत, कोणाच्या घरी साखर साडेतीनशेवर गेली आहे, हे मला सासरच्या माणसांच्या आधी कळतं. आणि ते कुठंही बोलायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. मी तो पाळते. पण त्याचा एक भार असतो. संध्याकाळी लिफ्टमध्ये तीच सून भेटते, दोघी नुसत्या मान हलवतो. तिच्या हाताची शीर कुठं आहे हे मला डोळे मिटून सांगता येईल आणि तिचं माहेर कुठलं हे माहीत नाही, अशी ही ओळख. सुरुवातीचे कित्येक महिने मला ती एकटेपणापेक्षाही जड वाटली.

त्यात फरक पडला तो म्हाताऱ्या माणसांमुळे.

पिपळा रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा सुनेनं आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यांची नस सापडत नाही, आधीच्या मुलानं दोनदा टोचून सोडून दिलं." आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. कोपराच्या खळगीत काहीच लागेना. उमरभर निंदणं, कापूस वेचणं केलेला हात, तळव्याची कातडी जाड, वरची मात्र कागदासारखी पातळ. अशा वेळी घाई केली की शीर सरकते, रक्त त्वचेखाली उतरतं आणि हात आठवडाभर निळा राहतो. मी सुनेकडून कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल मागून घेतला, हाताभोवती गुंडाळला आणि नुसती बसून राहिले. रबरी पट्टा मग बांधला, तोही सैल. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला एक बारीक शीर बोटाखाली उसळली. सर्वांत बारीक सुई, पंखाची. पिवळ्या झाकणाची ट्यूब भरली, मग जांभळी, शेवटी साखरेची राखाडी.

"झालं आजी, मूठ सोडा."

"झालं बी? मले तं कळलंबी नाही," त्या माझ्याकडे वळल्या. "कोठची वं तू? बोलणं आमच्याकडचं वाटून राह्यलं."

"लोधीखेड्याची."

"सवसरजवळचं?" त्या उठूनच बसल्या. "माह्यं माहेर पिपळा नारायणवारचं, माय."

पिपळा नारायणवार आमच्याच तहसिलीत आहे. मुलानं पिपळ्याला फ्लॅट घेतला असं ऐकलं तेव्हा आजींना क्षणभर माहेरचंच पिपळा वाटलं होतं. येऊन पाहिलं तर तिसरा मजला. ओटा नाही, पाय मोकळे करायला अंगण नाही, आणि लिफ्टमध्ये एकटीनं जायची भीती. त्यांनी मला माझ्या बापाचं आडनाव विचारलं, मग आजोबांचं गाव, मग आईकडचं, आणि चौथ्या नात्यावर कुठंतरी आमची गाठ बसवलीच. मग छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीची गोष्ट निघाली. लोधीखेड्याहून त्या गाडीत बसून इतवारी स्टेशनला उतरायचं, डब्यात संत्र्यांच्या टोपल्या. ती लाईन 2015 मध्ये बंद झाली आणि मोठ्या लाईनवर 2021 पासून गाडी सुरू झाली. "मंग आता मोठी गाडी लोधीखेड्याले थांबते का?" त्यांनी विचारलं. थांबते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जशी उद्याच निघायची आहे.

साखरेची तपासणी दोनदा असते. एक रिकाम्या पोटी, दुसरी जेवल्यावर बरोबर दोन तासांनी, तेही पहिल्या घासापासून मोजून. म्हणून मी प्रत्येक घरी सांगते, "जेवायला बसल्याची वेळ लिहून ठेवा, मी दोन तासांनी पुन्हा येते." पहिल्या फेरीला मी लॅबची बाई असते. दुसऱ्या फेरीला उजाडलेलं असतं, घर आवरलेलं असतं, माणूस जेवून सैलावलेला असतो. दोन-पाच मिनिटं आधी पोचले तर वेळ होईपर्यंत बसावं लागतं, आणि बसल्यावर बोलणं होतं. माझ्या इथल्या बहुतेक ओळखी या दुसऱ्या फेरीच्या आहेत. आजींकडे मी वेळेच्या आधीच पोचते.

या बसण्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती मी डॉक्टर नसले तरी सांगते, कारण रोज डोळ्यांसमोर आहे. या नव्या वस्त्यांत मुलांमागं आलेले आई-बाप मोठ्या संख्येनं आहेत. एक जण गेल्यावर उरलेला दुसरा, किंवा शेती ठोक्यानं देऊन आलेलं जोडपं. गावी ती माणसं दिवसभर पायावर असत, उन्हात असत. इथं ती पलंग, सोफा आणि गॅलरी एवढ्यात फिरतात. त्यांच्या रिपोर्टांत डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं, तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेली असते, आणि सोबत कागदावर न येणारं एक दुखणं असतं. "झोप लागत नाही" एवढंच ती सांगतात. वरूडकडचे एक काकाजी रक्त काढताना एकदाही बोलले नव्हते. त्यांच्या बगीच्याला यंदा ताण नीट बसला का, असं मी सहज विचारलं. आंबिया बहरासाठी झाडाचं पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, फळगळ झाली तर काय करायचं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. त्यांना इतकं बोलताना तिनं इथं आल्यापासून पाहिलं नव्हतं. मी संत्र्याच्या गावची नसते तर मला तो प्रश्न सुचला नसता.

त्या दिवसापासून मी माझं एमपीचं असणं झाकायचं सोडलं. "कुठच्या तुमी?" म्हटलं की लोधीखेडा सांगते, कोणत्या अंगाला आहे तेही सांगते. त्यावर समोरचं माणूस आपलं गाव सांगतंच.

गेल्या वर्षीच्या पोळ्याची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात. त्याच दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि आमच्याकडे पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. ती दगडफेक मला लहानपणापासून सोसत नाही. दरवर्षी माणसं जखमी होतात आणि त्या दिवशी दवाखान्यांत काय चालतं हे मी सौंसरला असताना ऐकलं आहे. तान्हा पोळा मात्र मला फार प्रिय. आमच्या लेआउटमध्ये एक मोकळा प्लॉट होता, गवत वाढलेला. दोन-चार बायकांनी मिळून ते कापून घेतलं आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पोरं बैल घेऊन आली. कोणाचा बैल बाजारातून आणलेला चकचकीत, कोणाचा आजोबांच्या वेळचा, रंग उडालेला, चाक मोडलेला.

आणि त्या पोरांमागून म्हातारी माणसं खाली उतरली. ज्यांना मी फक्त पलंगावर पाहिलं होतं ती सगळी. वरूडचे काकाजी एका पोराच्या बैलाला झूल कशी बांधायची ते दाखवत होते. बाशिंग पुढं सरकलं तर बैलाच्या डोळ्यात जातं, म्हणून दोरी शिंगामागून घ्यायची, आणि लाकडी बैल असला म्हणून काय झालं. आजींना सुनेनं हाताला धरून आणलं होतं. खुर्चीवर बसून त्या प्रत्येक बैलाला हळद-कुंकू लावत होत्या आणि प्रत्येक पोराला "कोणाचा रे तू?" विचारत होत्या. पोरांना या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं ते ठाऊक नव्हतं. ती फ्लॅट नंबर सांगत होती. मग त्यांच्या आया पुढं येऊन गावं सांगायला लागल्या. माझ्या समोरच्या दाराची बाई काटोलजवळच्या एका खेड्याची निघाली. इतकी वर्षं आमच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. त्या रात्री तिनं आमच्याकडे वाटीभर कढी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मी ती वाटी रिकामी परत केली नाही.

आता मला रस्त्यात माणसं थांबवतात. "रिपोर्ट कधी येते वं?" "तुह्या आईची साखर कशी आहे आता?" घर कुठं, असं विचारलं तर मी अजून लोधीखेडाच सांगते, आणि बहुधा शेवटपर्यंत सांगेन. पण सुट्टीनंतर गावाहून परतताना केळवद सुटलं की पूर्वी पोटात जो खड्डा पडायचा तो आता पडत नाही.

त्या मोकळ्या प्लॉटला यंदा तारेचं कुंपण पडलं आहे. कोणी म्हणतं विकला, कोणी म्हणतं पार्किंगसाठी घेतला. कोणालाच नक्की ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायला बरेच दिवस कोणी गेलंही नाही. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि ती तिथल्या सगळ्या रहिवाशांसाठी असते. मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. शहराच्या हद्दीत नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका, हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, इथं तो नकाशा मागता येतो.

तुम्ही अशा नव्या वस्तीत राहत असाल तर तो नकाशा मागून आणा. आमच्या इमारतीतल्या आम्ही काही बायकांनी आता त्यासाठी अर्ज दिला आहे. मोकळी जागा कुठं दाखवली आहे ते पाहा आणि ती खरोखर मोकळी आहे का ते जाऊन बघा. असेल तर बगीचा, कारंजं यांची वाट पाहू नका. एक कडुनिंब लावा आणि त्याखाली पाठ टेकता येईल असे दोन बाक ठेवा. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून एकदा तिथं आणून बसवा. पुढचं ती माणसं स्वतः करतात.